बैल कुठे गेला?

ब्रिस्टल, १४ जानेवारी

सियोन,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. माझा खुबा बदलला, एवढंच, आणि तो उत्तम बसला आहे असं सर्जन म्हणतात. मी सध्या अविवाकडे आहे. माझी लेक सकाळी विमानांचे पंख तपासायला कारखान्यात जाते ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात मी वाकायचं नाही, पाय दुमडायचा नाही, जिना चढायचा नाही. राहिलं काय? पाहुण्यांच्या खोलीत भिंतभर तुझ्या जपानी चित्रकथेची इंग्रजीत आलेली पुस्तकं. एकतीस.

मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत रागावलं की शाळेची नोटीस वाटते. पपांनी दर रविवारी तुला बसवून वाचायला शिकवलं, ते आता कामी येऊ दे.

पहिलं पुस्तक मी मागच्या बाजूने वाचायला लागले आणि वीस पानं झाल्यावर कळलं की ते उजवीकडून उघडायचं असतं आणि मी शेवट आधी वाचते आहे. आयुष्यभर हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक उजवीकडून उघडणाऱ्या बाईने ही चूक करावी! अविवा हसून हसून पडली. त्यानंतर मात्र मी थांबले नाही. अठराव्या पुस्तकाच्या शेवटी व्यायाम करून घेणारी मुलगी दार वाजवत होती आणि मी तिला ओरडून सांगितलं, "थांब, पूल कोसळतोय!"

तह करायला लिहीत नाही. मला प्रश्न आहेत.

पहिला: घाण्याचं लाकूड मोडतं, बाप मुलाला म्हणतो नवीन घेऊन ये, आणि मुलगा निघतो. ठीक. आपल्या आजोबांचाच घाणा तो, शब्बाथ म्हणून शनिवारी बंद असणारा. मी पहिल्या पानावर ओळखला. पण एकतीस पुस्तकं झाली तरी मुलगा परत येत नाही! शेजारच्या गावात सुतार नव्हता का?

दुसरा: मुलाची गाडी ओढायला एक बैल आहे. ठेंगणा, कानाला खाच असलेला, फार गोड. दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर तो नाहीसा होतो. मरत नाही, विकला जात नाही, चोरीला जात नाही. पान उलटलं की नाहीच. बैल कुठे गेला?

तिसरा: नवव्या पुस्तकात छडी घेऊन येणारी ती म्हातारी, जी सगळ्या योद्ध्यांची परीक्षा घेते आणि बहुतेकांना नापास करते. तिचं नाक माझं आहे. अविवाने हे मी न विचारता सांगितलं. याचा खुलासा हवा.

पपांच्या शेवटच्या दिवसांतलं मी काही काढत नाही. ये म्हटलं तर तू म्हणालास, "या आठवड्याची एकोणीस पानं द्यायची आहेत, ताई," आणि मी फोन ठेवला. पुन्हा उचलला तूही नाहीस.

उत्तर दे. टपालाने, हाताने लिहून.

ईवाताई


एजवेअर, ११ फेब्रुवारी

सियोन,

तुझं पत्र पोचलं. व्याकरण भयंकर आहे, चित्रं सुंदर आहेत. मी घरी परतले आहे, काठी घेऊन चालते, आणि हो, आरशात पाहिलं. नाक कबूल.

पण बाकीचं वाचून माझं रक्त तापलं! म्हणजे तुमच्या त्या जपानी चित्रकथांच्या साप्ताहिकात दर आठवड्याला वाचक कार्डावर आवडत्या तीन कथांची नावं लिहून पाठवतात, आणि त्यावर सगळ्या वीस कथांचा नंबर लागतो? आमच्या शाळेत एवढ्या परीक्षा घेतल्या असत्या तर पालकांनी मोर्चा आणला असता. तुझी घाण्याची गोष्ट सुरू झाली आणि आठव्या आठवड्यात सतरावी आली, म्हणून तो तुझा संपादक कुरोदा म्हणाला, "तेल कोणी वाचत नाही. मारामारी आण." आणि तू आखाडा आणलास. आखाडा चालला म्हणून दुसरा आखाडा, तो चालला म्हणून समुद्रावरचा तिसरा. मला वाचताना वाटलं होतं की लेखकाला घरी जायचंच नाही. आता कळलं की त्याला कोणी जाऊ देत नव्हतं.

आणि बैल! त्यावरही कुरोदाच म्हणाला, "चार पाय, दोन शिंगं, प्रत्येक चौकटीत. मदतनीस दोनच, आणि बैलाला मत पडत नाही." हे कारण? तुझ्या जागी मी असते तर कुरोदाला घाण्याला जुंपलं असतं.

म्हातारी मात्र वाचकांना आवडली, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही.

तू विचारलं आहेस, पपा शेवटी काय म्हणाले. ते आत्ता नको.

तुझं ते वाक्य मात्र मी तीनदा वाचलं: "गोष्ट नीट संपवल्याशिवाय मी घरी येणार नाही. ज्या गोष्टीसाठी पपांना सोडलं ती तरी अर्धवट सोडणार नाही." बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं. जुलैत पपांची वर्षी आहे. तोपर्यंत संपव आणि ये.

मी साप्ताहिकाचं इंग्रजी ॲप फोनवर घेतलं. त्यात तुझी कथा शेवटून दुसरी दिसते. अविवाला विचारलं, तर ती म्हणाली मागच्या कथा कधी कधी तीन-चार आठवड्यांत तोडतात, मध्येच, कुठल्याही वाक्यावर. हे तू मला लिहिलं नाहीस. लपवू नकोस. मी बघते काय करायचं ते.

ईवाताई


एजवेअर, १६ मार्च

सियोन!

तिसरी! तुझी कथा तिसरी आली! एकोणिसावरून तिसरी! मी स्वयंपाकघरात काठी टाकून उभी राहिले आणि मग काठी उचलता येईना.

सगळं सांगते. ॲपवरची मतंही जपानच्या कार्डांबरोबर मोजतात, हे तिथेच लिहिलेलं आहे. मग प्रश्न सोपा होता. मी आमच्या सिनेगॉगच्या बायकांना बुधवारी चहाला बोलावलं आणि पहिलं पुस्तक हातात दिलं. शेजारची मीनल आली. तिच्याबरोबर मराठी मंडळाच्या सहा जणी. मंडळाचेच दीनानाथराव क्रॉयडनहून आधी ट्राम, मग ट्रेन, मग ट्यूब करून येतात, आणि दारातच विचारतात, "समुद्री चाच्याचं काय झालं?" ऐंशीचे आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी चुकून दुसऱ्याच कुठल्या बास्केटबॉलच्या गोष्टीला मत दिलं. मी त्यांना बाजूला घेऊन समज दिली.

पुढचं श्रेय मीनलचं. आमच्यापैकी निम्म्या जणींकडे काठ्या आहेतच. तिने सगळ्यांना रांगेत उभं केलं, म्हातारीसारखी छडी रोखायला लावली, आणि "नापास!" असं एका सुरात ओरडायला लावलं. तो व्हिडिओ तिने टाकला. मला वाटलं, तिची मुलं बघतील. पण बर्मिंगहॅम, ग्लासगो, मग जपानमध्येही तो फिरला. आता म्हणे तिकडे कॉलेजची मुलं स्टेशनवर छत्री रोखून एकमेकांना नापास करतात!

मी आपल्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलले होते: गोष्ट मागच्या पानांवरून पुढे येऊ दे. काल तो फेडला. गोड पोहे, ताजं खोबरं, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं आईच्या पद्धतीने. मीनलने विचारलं, "प्रसाद कोणाच्या नावाने घ्यायचा?" मी म्हटलं, "भावाच्या." इतकी वर्षं हा शब्द मी कोणासमोर वापरला नव्हता.

आता तुला कोणी तोडू शकत नाही. सावकाश, नीट शेवट कर. कुरोदाला माझा नमस्कार सांग, आणि सांग की आम्ही लक्ष ठेवून आहोत.

ईवाताई


एजवेअर, ३ एप्रिल

सियोन,

अविवाचा फोन आला. "मम्मी, काय करून बसलीस तू?" हे तिचं पहिलं वाक्य.

म्हणजे तू दोन वर्षं कुरोदाच्या मागे लागून शेवट मागितला होतास. त्याने तो दिला होता. बारा प्रकरणं, तुझ्या मनासारखी, जूनअखेर समाप्त. संपायच्या कथा मागेच छापतात, कारण पुढची पानं नव्यांना द्यायची असतात. तू मागे होतास ते घरी निघाला होतास म्हणून. हे अविवाला माहीत होतं, मला नव्हतं, कारण तुला मला जुलैत दारात उभं राहून चकित करायचं होतं. आणि ते गुपित होतं म्हणून तिने माझ्या व्हिडिओवर नुसती हसरी तोंडं पाठवली!

आता कुरोदा उंची खरबूज घेऊन तुझ्या घरी आला, खाली वाकला आणि म्हणाला, तिसऱ्या नंबरची कथा संपवली तर वरचे लोक त्याला ठेवणार नाहीत. रंगीत पानं. नवा आखाडा. म्हातारीचं तरुणपण. आणखी दोन वर्षं. तुझं मनगट पट्टीने बांधलेलं असतं आणि पेन त्या पट्टीत खोचावं लागतं, हेही मला लेकीकडून कळलं.

एलियाहू हनाबीने माझं अक्षरशः ऐकलं. मागणंच चुकलं होतं. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, प्रश्न पुरा वाचा, मग उत्तर लिहा.

काल बुधवारी मी सगळ्यांना सांगितलं की आता मत देणं बंद.

"वेड लागलंय का, ईवाताई?" मीनल म्हणाली. "म्हातारीने आत्ता कुठे छडी वर केलीय आणि तुम्ही म्हणता पुस्तक मिटा?"

"माझा भाऊ आहे तो."

"आमची गोष्ट आहे ती."

दीनानाथराव म्हणाले, "हे बघा बाई, मी इतक्या लांबून येतो तो म्हातारीसाठी. तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही चहात साखर मोजून घालता."

एकानेही माझं ऐकलं नाही. पेटवलं मीच, आता विझवायला कोणी येत नाही. पण रडत बसलेली नाही. मला विचार करू दे. त्या दोन वर्षांच्या कागदावर सही करू नकोस. आठ दिवस खरबूज खा.

ईवाताई


एजवेअर, ९ एप्रिल

सियोन,

सापडलं! आज सकाळी बसस्टॉपवर सापडलं आणि मी बस सोडून घरी परत आले.

नीट वाच. वाचकांनी थांबावं, अशी माझी धडपड होती. मूर्खपणा. वाचक थांबत नाही, त्याला पुढे काय होतं ते हवं असतं. मग पुढे घर आहे असं त्यालाच मागू दे.

कुरोदाला म्हातारी हवी आहे ना? द्यायची. रंगीत पानांवर द्यायची. नवा आखाडा भरला आहे, अकरा योद्धे हत्यारं परजून उभे आहेत, ढोल वाजतो आहे. म्हातारी आत येते. घड्याळ बघते. आणि म्हणते, "वेळ संपली. हत्यारं खाली ठेवा." बस. एकही मारामारी नाही. मी आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये हेच केलं आहे, आणि सांगते, त्या वाक्यापुढे सहा फुटी मुलं पेनं खाली ठेवतात.

कुरोदा विचारेल, पुढच्या आठवड्यात काय? त्याला सांग: पुढच्या आठवड्यात पहिला योद्धा घरी जातो. त्यानंतर दुसरा. चाचा घरी जातो तेव्हा बायको दार उघडते का? त्या जुळ्या योद्धा बहिणींचं गाव अजून आहे का? प्रत्येकाचं एक प्रकरण, प्रत्येकाचे चाहते डोळे पुसत मत देणार. अकरावा आपला मुलगा. कुरोदाला त्याचे नंबर मिळतात, तुला तुझा शेवट मिळतो. आखाडा धरून आधी ठरली होती तेवढीच बारा प्रकरणं.

आणि बैल. आखाड्यात जनावर चालत नाही, असा नियम करून म्हातारीने तो दुसऱ्या पुस्तकातच फाटकाशी काढून घेतला होता. वाचकांना दिसली नाही, कारण तेव्हा ती चौकटीच्या बाहेर उभी होती! इतकी वर्षं तो तिच्या अंगणात बांधलेला आहे, खाऊनपिऊन लठ्ठ. मी मुलांकडून घेतलेली प्रत्येक वस्तू वर्षाअखेर परत करत असे. ती पण करेल.

इकडची बाजू माझी. ॲपवर मताखाली एक चौकोन आहे, "पुढे काय पाहायला आवडेल?" आज आमची तातडीची बैठक झाली. तुझं मनगट कसं झालं आहे ते मी त्यांना सांगितलं. मीनल म्हणाली, "मग असं सरळ सांगायचं ना, ताई. तुम्ही नुसते हुकूम सोडता." दीनानाथरावांनी चाच्याची बायको दार उघडेल असं वचन मागितलं. मी तुझ्या वतीने दिलं. निभावून ने.

नवा व्हिडिओ तयार आहे. त्याच काठ्या, तीच रांग. या वेळी एकच ओळ: "त्याला घरी जाऊ दे. बैलासकट."

ईवाताई


एजवेअर, ३० मे

सियोन,

चाच्याच्या बायकोने दार उघडलं! दीनानाथरावांनी ते पान फोनवर मोठं करून सगळ्यांना दाखवलं, आणि आपण रडलो नाही असं तीनदा सांगितलं. पहिली आली तुझी कथा. पहिली! गोष्ट सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, आणि तीही एकाही ठोशाशिवाय.

कुरोदा म्हणे सुरुवातीला "संपादक मंडळ मानणार नाही" म्हणाला, आणि मग त्या चौकोनांतल्या ओळींचा गठ्ठा त्याच्या टेबलावर आला. इंग्रजी, जपानी, कोणीतरी पोर्तुगीजसुद्धा. सगळ्यांत बैल. तू लिहितोस, तो तुझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला की त्यालाही तो बैल आवडायचा, पण नंबर वाचायला बसलं की माणूस आवडीचं विसरतो. त्याच्याबद्दल मी जरा जास्त कडक लिहिलं होतं. घाण्याला जुंपायचं रद्द.

म्हातारी बैलासाठी फाटक उघडते ते पान मी मीनलला फ्रेम करायला दिलं आहे.

मनगटाला रोज शेक दे. थापा मारू नकोस, अविवा मला सांगते.

ईवाताई


एजवेअर, १९ जून

सियोन,

तुझं पाकीट सकाळी आलं. शेवटचं पान मी टेबलावर ठेवून समोर बसले आहे. मुलगा खांद्यावर लाकूड घेऊन अंगणात उभा आहे. बाप घाण्याशेजारून उठला आहे. हात पपांचे आहेत, अंगठ्याजवळच्या त्या डागासकट. सगळं काढून झालं आहे आणि बापाच्या तोंडाशी संवादाचा एक रिकामा फुगा आहे. तू लिहितोस, "जूनअखेर छपाईला जायचं आहे. बाप काय बोलेल ते मला माहीत नाही, ताई. मी तिथे नव्हतो."

मी होते. म्हणून आता सांगते, तू फेब्रुवारीत विचारलं होतंस ते.

तू त्यांना साप्ताहिक पाठवायचास. पपांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण उजवीकडून डावीकडे पानं उलटायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. हॉस्पिटलमध्येही उशाशी तो गठ्ठा होता. नर्स हलवायला गेली तर हात धरायचे. शेवटच्या गुरुवारी मी शेजारी बसले होते. मला वाटलं, तुझं विचारतील. कधी येतो, का आला नाही. काय सांगायचं ते मी जुळवून ठेवलं होतं आणि ते तुझ्या बाजूचं नव्हतं. त्यांनी चष्मा मागितला, नवा अंक उघडला, पुढची पानं पाहिली, मागची पाहिली आणि मला विचारलं, "ईवा, याचा बैल कुठे गेला गं?"

मी म्हटलं, "पपा, पडा आता."

तर म्हणाले, "बैल टाकून कोणी जात नाही. आणेल तो. वेळ लागेल." आणि अंक छातीवर ठेवून झोपले. तेवढंच बोलले. त्यानंतर काही नाही.

जानेवारीत तुला विचारलेला दुसरा प्रश्न माझा नव्हता.

फुग्यात तेच घाल. बाप "कुठे होतास" म्हणत नाही, "इतकी वर्षं" म्हणत नाही. मुलगा एकतीस पुस्तकं चालून आला आहे आणि बाप त्याच्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "आणि बैल कुठे आहे?" मग मुलाला जरा बाजूला सरकव. मागे फाटकात जागा आहे, मी पट्टीने मोजली. ठेंगणा, कानाला खाच असलेला. चारही पाय काढ. या वेळी आळस चालणार नाही.

जुलैतली पपांची वर्षी शनिवारी येते आहे. मलिद्याचे पोहे आणून ठेवले आहेत. नवस काय बोलायचा ते या वेळी आधी अविवाला दाखवून घेतलं. मीनल आणि दीनानाथराव तुला एअरपोर्टवर घ्यायला येणार म्हणतात, काठ्या घेऊन. मी अडवलं नाही.

तू मात्र शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, शब्बाथ लागायच्या आधी, घरात पाहिजेस. शनिवारी घाणा बंद असतो.

ईवाताई